चौथा ठोका

मित्रांनो, आधी हात दाखवा. शाई नाही ना लागलेली? चिकट काही खाल्लेलं नाही? आणि तो दुसरा हात पाठीमागे का आहे? बरं, राहू द्या. रागावू नका. मी एक पट्टी आहे. लाकडी, बारा इंची, एका कडेला पितळेची बारीक पट्टी ठोकलेली. वयानं तुमच्या आईबाबांपेक्षा मोठी आहे. संशय हा माझा स्वभावच आहे, त्याला माझा इलाज नाही. जिला आयुष्यभर दुसऱ्याची मापं काढायची असतात, ती भाबडी राहून कसं चालेल?

माझा जन्म एका सुताराकडे झाला. कुणाच्या तरी दाराची चौकट करून उरलेल्या फळीतून त्यानं आम्हा चाळीस बहिणींना कापलं, घासलं, अंगावर रेघा पाडल्या आणि तेलपाणी करून दुकानात पाठवलं. दुकानात मी वर्षभर बरणीत उभी होते. मग एके दिवशी एक उंच, किडकिडीत गृहस्थ आले. त्यांनी मला उचलून एक डोळा मिटला आणि माझ्या कडेवरून आरपार पाहिलं. मी वाकडी तर नाही, ही शंका. मग शेजारच्या सहा बहिणींना माझ्याशी ताडून पाहिलं. दुकानदार वैतागून म्हणाला, "अहो, पट्टी घेताय की जावई बघताय?" इतकं संशयी गिऱ्हाईक मी पाहिलं नव्हतं. आमचं जमणार, हे मी तिथंच ओळखलं.

ते शाळेत कविता शिकवायचे. मी त्यांना मास्तर म्हणते, मुलं 'सर' म्हणायची आणि माघारी 'ठोकेसर'. त्याला कारण मीच. आणि तुमच्या मनात आलेली शंका आधीच फेडते. मास्तरांनी मला कधी कुणाच्या हातावर उगारलं नाही. ते माझ्यानं टेबलावर ठोके द्यायचे, कवितेचे.

कविता मोजता येते, हे तुम्हाला ठाऊक आहे का? आखूड अक्षराची एक मात्रा, लांब अक्षराच्या दोन. 'क' म्हटलं की एक, 'का' म्हटलं की दोन. चार मात्रा झाल्या की मास्तर मला टेबलावर आपटायचे, टक्! त्यांची सगळ्यात लाडकी एक जुनी कविता होती. डोंगरावर धुकं उतरतं, दोन सोबती वाटेवर चुकामूक होऊन एकमेकांना हरवतात, एवढीच गोष्ट. तिची सुरुवात अशी:

डोंगरमाथी धुके उतरले
रानहि अपुले नाव विसरले

डोंगर, टक्. माथी, टक्. धुके उ, टक्. तरले, टक्. प्रत्येक ओळीत सोळा मात्रा, चार ठोके. शेवटी 'उतरले'ला 'विसरले' भेटलं की यमक जुळलं. मुलांच्या माना आपोआप डोलायच्या. मागच्या बाकावरचा झोपाळू मुलगासुद्धा चौथ्या ठोक्याला डोळे उघडायचा. "सरांची पट्टी बोलते," असं मुलं घरी सांगायची. मला कौतुक आवडत नाही असं मी म्हणणार नाही, खोटं कशाला बोलू?

मास्तरांची कीर्ती पसरली आणि नव्या वाचनमालेचं काम निघालं तेव्हा कवितांचे छापील कच्चे कागद तपासायला त्यांच्याकडे आले. आम्ही दोघं छापखान्यात जाऊन बसलो. तिथं शिशाचे खिळे जुळवून ओळी उभ्या करणारा एक वयस्कर जुळारी होता. बोटं काळी, चष्मा कपाळावर, बोलणं मोजकं. लाडकी कविता आली, या वेळी पूर्ण; जुन्या क्रमिक पुस्तकात तिची सुरुवातीची कडवीच होती. मास्तर ठोके देत खाली खाली आले आणि शेवटच्या दोन ओळींवर थांबले.

धुके निवळले, वाटहि सरली
माझी हाकच उरली

वरच्या ओळीत चार ठोके. खालच्या ओळीत तीनच! माझी, टक्. हाकच, टक्. उरली, टक्. संपलं. मी वर उचललेली होते, चौथ्यांदा आपटायला जागाच नव्हती. आता बोला! माझ्या मनात लगेच शंकेची पाल चुकचुकली. मास्तरांच्याही.

"एक शब्द गाळलात तुम्ही," मास्तर म्हणाले.

जुळाऱ्यानं चष्मा डोळ्यांवर घेतला. "नाही मास्तर. कारकुनानं जशी उतरवून दिली तशी जुळवली."

"मग कारकुनानं गाळला असेल."

"तो कारकून स्वल्पविरामसुद्धा सोडत नाही. आणि समजा गाळला असेल, तरी घालणारे आपण कोण?"

झालं! मास्तरांचे कान लाल झाले. माझ्या तर अंगातली रेघन् रेघ ताठली. खिळे जुळवणारा माणूस मात्रांची अक्कल शिकवतो? कुठंतरी पाणी मुरतंय, स्वतःची चूक झाकायला हा गडी वाद घालतोय, अशी आमची दोघांची खात्री पटली. मास्तरांनी पेन उघडलं आणि 'हाकच'च्या पुढे 'मागे' हा शब्द घातला. माझी हाकच मागे उरली. मोजून पाहा, चार मात्रा, बरोबर चौथा ठोका. ओळ कशी पायांवर उभी राहिली! जाताना मास्तर मालकांना सांगून आले की जुळारी उर्मट आहे. मालकांनी त्याला पुस्तकांवरून काढलं आणि पावतीपुस्तकं छापण्यावर बसवलं. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट मी मास्तरांच्या खिशात मोठ्या ऐटीत घरी आले.

त्यानंतर चौदा वर्षं मुलांनी ती ओळ तशीच पाठ केली. मास्तर शिकवताना मुद्दाम म्हणायचे, "पाहा, शेवटच्या ओळीपर्यंत कवीचा तोल सुटत नाही." मी टक् करून दुजोरा द्यायची.

मग शाळेच्या शेवटच्या वर्गात बारकी आली. अंगानं काडी म्हणून नाव बारकी. आई नव्हती, मावशीनं वाढवलेली. मावशी जुनी पुस्तकं उसवून नव्यानं बांधायचं काम करायची, आणि बारकीचा गृहपाठ तिथंच, खळीच्या डब्याशेजारी बसून व्हायचा. मला ती पहिल्यापासून खटकली. ठोके चालू असताना सगळी मुलं माझ्याकडे बघायची, ही डोळे मिटून बसायची. झोपते की काय? की काहीतरी लपवते?

त्या वर्षी एका मोठ्या विद्यालयात आमच्या शाळेतल्या एका मुलीला राहून शिकायची जागा मिळणार होती. कवितेच्या पेपरात पहिली येईल तिचं नाव शनिवारी टपालानं जायचं होतं, आणि सोबत मास्तरांचं पत्र, की मुलगी सचोटीची आहे. बारकीला ती जागा हवी होती. मावशीच्या एका खोलीत पुस्तकं दाबायचं यंत्र, पुस्तकं आणि दोन माणसं मावत नव्हती, आणि मावशी म्हणालीच होती, "यंदा जागा मिळाली तर शीक बाई, नाहीतर बस माझ्यासोबत दोरा ओवायला."

पेपरात लाडकीच कविता आली. 'मात्रा आणि यमक यांच्या आधारे उलगडून दाखवा.' मास्तर घरी पेपर तपासत होते. मी प्रत्येक उत्तराच्या डाव्या कडेशी उभी राहून ओळी मोजत होते. बारकीचा पेपर आला. सुरुवातीपासून सगळं चोख. आणि शेवटी तिनं काय लिहावं?

'शेवटची ओळ: माझी हाकच उरली. मात्रा बारा. चार मात्रा कवीनं मुद्दाम मोकळ्या ठेवल्या आहेत.'

मास्तरांचं पेन हवेत थांबलं. मी तर हादरलेच! चौदा वर्षांपूर्वीची ती ओळ, जी आम्ही दोघं, तो कारकून आणि जुळारी सोडून जगात कुणालाच माहीत नव्हती, ती या काडीला कुठून मिळाली? कुणीतरी हिला फितवलंय. त्या जुळाऱ्यानंच डाव साधला असणार. की शब्द विसरली आणि वर ही मखलाशी केली? मास्तरांनी लाल शाईनं समासात एकच शब्द लिहिला: 'बनवाबनवी'. मार्कांच्या जागी शून्य.

दुसऱ्या दिवशी तिला शिक्षकांच्या खोलीत बोलावलं. मुख्याध्यापिका खिडकीशी बसल्या होत्या. मी टेबलावर, पेपरावर आडवी.

"ही ओळ कुठून आणलीस?" मास्तरांनी विचारलं.

"पुस्तकातून, सर."

"वाचनमालेत काय आहे?"

"तिथं 'मागे' आहे. पण जुन्या पुस्तकात नाही. आपल्या ग्रंथालयातलंच पुस्तक आहे, मावशीकडे बांधायला आलंय."

"अस्सं! म्हणजे नेमकं जे पुस्तक कपाटात नाही, त्यातच ही ओळ आहे." मास्तर हसले, पण ते हसणं काही बरं नव्हतं. "आणि समजा असली, तर ओळ तुटकी नाही का झाली?"

बारकीचा आवाज कापत होता, पण ती बोलली. "तुटली असती तर यमकसुद्धा गेलं असतं ना, सर? यमक जागेवर आहे. 'सरली', 'उरली'. फक्त ते लवकर येतं. आपण चौथ्या ठोक्याची वाट बघतो आणि तो येतच नाही. हाक मारल्यावर माणूस उत्तरासाठी थांबतो ना? तेवढी जागा आहे ती. उत्तर येत नाही."

मुख्याध्यापिका खिडकीबाहेर बघत होत्या, त्यांनी मान वळवली. मास्तरांनी माझ्याखालचा पेपर ओढून घेतला. मग म्हणाले, "बोलायला हुशार आहेस. उचलली जीभ लावली टाळ्याला. जा."

ती गेली. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट शाळाभर झाली. पुढच्या दिवशी मधल्या सुट्टीत मुली तिला 'बनवाबनवी' म्हणून हाका मारू लागल्या. मला वाईट वाटलं का? खरं सांगते, नाही वाटलं. मला वाटलं, चोर सापडला.

शुक्रवारी मावशी आली. हाताला खळ, खांद्यावर दोऱ्याचे तुकडे, आणि काखेत कापडात गुंडाळलेलं एक उसवलेलं पुस्तक. तिनं ते शिक्षकांच्या खोलीत टेबलावर उघडलं. "घ्या, वाचा. डोळे तुमचे, पान तुमच्या शाळेचं."

पान पिवळं, अक्षर जुनं. शेवटची ओळ: माझी हाकच उरली.

मास्तरांनी ओळीखालून बोट फिरवलं. मग त्यांच्या तोंडून निघालं ते माझ्याही मनातलं होतं. "तुम्ही पुस्तकं बांधता. एखादं पान बदलणं तुम्हाला काय अवघड?"

बारकी दारात उभी होती. ती रडायला लागली. मावशी मात्र रडली नाही, भडकली.

"मास्तर, मी वीस वर्षं सुई चालवतेय. पान बदलता येतं का म्हणता? बघा मग! हे सुटं पान नाही, एका मोठ्या कागदाची घडी आहे. त्याचा दुसरा अर्धा भाग तिथं पुढे, चार पानांनंतर. त्याच्यावर ग्रंथालयाचा शिक्का आहे, तुमच्या आधीच्या ग्रंथपालांच्या सहीचा. एक पान नवं घालायचं तर दोन्ही घालावी लागतील. तो शिक्का मी कुठून आणू? आणि शिवणीची भोकं बघा. जुनी पाच भोकं, सगळ्या कागदांतून एका रेषेत. ती तुमची पट्टी आहे ना पडलेली? मोजा! तिच्यावर तरी विश्वास आहे ना तुमचा?"

मास्तरांनी मला उचललं. त्यांनी मला घडीच्या कण्याशी लावलं आणि मी मोजू लागले. मित्रांनो, मी जीव ओतून चूक शोधली. एक केसभर फरक मिळाला असता तरी पुरे होता. पहिलं भोक, दुसरं, तिसरं. मागच्या कागदात तेच अंतर. पुढच्या कागदात तेच. शिक्क्याच्या पानावर तेच. कुठंही पान चिकटवल्याची खूण नाही. पुस्तक खरं होतं. मुलगी खरी होती. मग खोटं कोण होतं?

मास्तर खुर्चीत बसले. "जुळाऱ्यानं सांगितलं होतं मला," ते हळूच म्हणाले. मग त्यांनी मुख्याध्यापिकांना बोलावून घेतलं आणि सगळं सांगितलं: छापखाना, पेन, 'मागे'. बोलताना त्यांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

मुख्याध्यापिका व्यवहारी बाई होत्या. त्यांनी बारकीला आत घेऊन दार लोटलं. "हे पाहा, शून्य खोडा, मार्क द्या. उद्या तिचं नाव पाठवू. वाचनमालेत तुम्ही हात घातला, हे चारचौघांत कशाला? नोकरीची दोन वर्षं राहिलीत तुमची. झाकली मूठ सव्वा लाखाची."

मला तो सल्ला एकदम पटला. मी लाकडाची असून सुटकेचा श्वास सोडला. मास्तरांनीही लाल शून्य खोडलं, मार्क लिहिले आणि मान वर केली. "बारके, झालं बघ. पहिली आलीस तू."

बारकीनं ओढणीनं नाक पुसलं. "सर, पण वर्गात सगळे मला खोटारडी म्हणतात. मी गेले की म्हणतील, रडून मार्क मिळवले." मग ती म्हणाली, "तुमच्या पत्रात मी सचोटीची आहे असं लिहिणार ना तुम्ही? मग वर्गात पण सांगा ना."

त्या रात्री मास्तरांनी पत्र लिहिलं की नाही, मला माहीत नाही, कारण मी शाळेतच टेबलावर राहिले होते. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदा झालं. ते मला न्यायचं विसरले की त्यांनी मुद्दाम ठेवलं, याचा मी अजून तर्क करते.

शनिवारी पहिल्या तासाला मास्तर वर्गात आले. हजेरी घेतली नाही. फळ्यावर शेवटच्या दोन ओळी लिहिल्या, 'मागे'सकट. मग ओल्या फडक्यानं 'मागे' पुसलं. तिथं काळी ओली जागा राहिली.

"हा शब्द कवीचा नाही," ते म्हणाले. "माझा आहे. मला वाटलं, ओळ लंगडी आहे, म्हणून मी तिला कुबडी दिली. ओळ लंगडी नव्हती. एका माणसानं मला तेव्हाच सांगितलं होतं, मी त्याला उर्मट ठरवलं. या वर्षी या मुलीनं सांगितलं, मी तिला खोटारडी ठरवलं. तिनं बरोबर मोजलं होतं. चौदा वर्षं तुम्हाला आणि तुमच्या थोरल्या भावंडांना मी चूक शिकवलं."

मागून एक मुलगा पुटपुटला, "सरांनी?" त्याला शेजारच्यानं कोपर मारलं.

मग मास्तरांनी बारकीला पुढे बोलावलं आणि मला तिच्या हातात दिलं. पितळेची बाजू तिच्याकडे करून, दोन्ही हातांनी. "तू दे ठोके."

तिचा हात लहान होता, कोरडा होता, आणि हो, स्वच्छ होता. तिनं वरची ओळ म्हटली, चार ठोके दिले. मग खालची. माझी, टक्. हाकच, टक्. उरली, टक्. आणि तिनं मला वर उचललं आणि तसंच धरून ठेवलं.

मित्रांनो, मी आयुष्यात लाखो ठोके दिले. पण त्या वेळी मी हवेत होते, खाली टेबल होतं आणि मला खाली जायचं नव्हतं. चाळीस मुलं कान टवकारून बसली होती. जणू डोंगरापलीकडून कुणीतरी ओ देणार होतं. कुणी दिली नाही. तेवढ्या वेळात मला कळलं की त्या ओळीत काहीच कमी नव्हतं. मी रिकामी जागा बघितली आणि कुणीतरी चोरी केली असं धरून चालले. चोर म्हणून एकेकाकडे बोट दाखवत राहिले: जुळारी, कारकून, मुलगी, मावशी. स्वतःवर संशय घ्यायचा राहूनच गेला.

बारकीनं मला अलगद टेबलावर ठेवलं, आवाज न करता. मधल्या सुट्टीत तिला कुणी चिडवलं नाही. दुपारच्या टपालानं तिचं नाव गेलं, सोबत पत्रही गेलं.

मास्तरांना वरून विचारणा झाली, बोलणी खावी लागली, पुढच्या छपाईत ओळ सुधारली. एका रविवारी ते मला घेऊन छापखान्यात गेले. जुळारी अजून पावतीपुस्तकंच जुळवत होता. मास्तर त्याच्यापुढे उभे राहून बोलले, अडखळत, सबंध. त्यानं ऐकून घेतलं. मान हलवली. "बरं झालं सांगितलंत," म्हणाला आणि पुन्हा खिळे वेचू लागला. त्यानं माफ केलं की नाही, मला सांगता येत नाही. मला वाटतं, नसावं.

मास्तर निवृत्त झाले आणि जाताना मला वर्गातच ठेवून गेले. त्यानंतर वर्गात प्लास्टिकच्या रंगीत पट्ट्या आल्या. त्या वाकतात, आणि वाकणाऱ्या पट्टीवर मी विश्वास ठेवणार नाही, पण ते असो. माझा उपयोग आता खिडकी अडकवून धरायला होतो. एका अंगाला पाऊस, दुसऱ्या अंगाला ऊन. सातव्या इंचापाशी मला चीर गेली आहे.

म्हणून तुम्हाला सांगते. मला खिडकीतून काढा, कोरड्या फडक्यानं पुसा, थोडं तेल लावा, मी अजून सरळ रेघ मारीन. माझ्या कडेवर पेन्सिली तासू नका. मोजायचं ते जरूर मोजा, मोजल्याशिवाय काही मानू नका. पण तुमचं माप एक सांगत असेल आणि समोरचं माणूस घाबरत घाबरत दुसरं सांगत असेल, तर त्याला मध्येच तोडू नका. त्याचं बोलणं पुरतं होऊ द्या. मग मला पुन्हा एकदा लावून बघा. पहिल्यांदा चुकले असेन, तर मला सांगा. मी ऐकून घ्यायला आता शिकले आहे.